उदरातील नऊ महिने

आपल्या समाजात गरोदर स्त्रीचे कौतुक पुष्कळ होते आणि त्या कौतुकाबरोबर तिच्यावर नियमांचे ओझेही तितकेच पडते. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे. आणि त्याच वेळी पपई खाऊ नकोस, ग्रहण पाहू नकोस, वाईटसाईट ऐकू नकोस, असे बजावायचे. सुभद्रेच्या उदरात अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा मराठी माणसाला बालपणापासून ठाऊक असते. मरियेचे अभिवादन कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बालक आनंदाने उसळले, हे आपण ख्रिस्ती लोक आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. गर्भ बाहेरच्या जगापासून तुटलेला नसतो, ही जाणीव दोन्ही परंपरांत आहे. गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्रही आपल्या वाटेने चालत याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे.

मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो आणि आता बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून फिरतो आहे. परंतु धर्मगुरूला रुग्णशय्येपाशी जावेच लागते. स्तनाच्या कर्करोगाने खंगलेल्या स्त्रियांना तैलाभ्यंग देताना, त्यांच्या लेकींच्या आणि आयांच्या चेहऱ्यांवरील प्रश्न वाचताना, या रोगाविषयी शास्त्र काय म्हणते हे जाणून घ्यावेसे वाटले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आईच्या शरीरातील संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो, ती बाळापर्यंत पोहोचतात, याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधण्याची गरज नाही. तो प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत असतो. जन्मानंतर काही दिवसांनी पुष्कळ बाळांची छाती थोडी सुजलेली दिसते. मुलगी असो वा मुलगा. कधी तीतून दुधासारखा थेंबही येतो. आपल्याकडील आज्या आणि सुइणी ती छाती पिळून काढतात. तसे केल्याने जंतुसंसर्ग होतो, गळू होते, म्हणून डॉक्टर सक्त मनाई करतात. ही सूज म्हणजे आजार नव्हे. ती आपोआप ओसरते. काही मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून किंचित रक्तही जाते. आईकडून आणि वारेतून मिळणारी संप्रेरके नाळ कापताच थांबतात, त्याची ही खूण. गरोदरपणात स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एरवीच्या मानाने कितीतरी पटींनी वाढतात. गर्भातील मुलीच्या स्तनांची पहिली खूण दुसऱ्याच महिन्यात उमटते. ज्या काळात हे अवयव घडत असतात, त्याच काळात ते या संप्रेरकांच्या प्रवाहात न्हात असतात.

येथून एक प्रश्न सहज सुचतो. पन्नाशीत दिसणाऱ्या गाठीचे मूळ इतके मागे, आईच्या उदरात असू शकेल काय? 1990 साली दिमित्रिओस त्रिकोपूलोस या ग्रीक वैद्यकतज्ज्ञाने 'लॅन्सेट' या नियतकालिकात हाच प्रश्न उघडपणे मांडला. गर्भावस्थेत इस्ट्रोजेनचे प्रमाण अधिक असेल तर स्तनातील मूळ पेशींची संख्या वाढत असेल, आणि पेशी जितक्या अधिक तितकी पुढे एखादी बिघडण्याची शक्यता अधिक, असा त्यांचा तर्क. पुढील वर्षांत अनेक देशांतील जन्मनोंदी तपासल्या गेल्या. जन्मतः अधिक वजन असलेल्या मुलींना पुढे हा धोका किंचित अधिक, तर ज्यांच्या आयांना गरोदरपणी रक्तदाबाचा विशिष्ट विकार झाला होता त्यांना काहीसा कमी, असे आढळले. हे फरक लहान आहेत. एका व्यक्तीचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही. परंतु दिशा दिसते.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध तपासला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यांचा विषय मधुमेह. तथापि निष्कर्षाचे सूत्र तेच. त्या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, पण आपल्या बाळांच्या हडकुळ्या देहात चरबीचा वाटा तुलनेने टिकून होता आणि पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे त्यात होती. उदरात मिळालेली शिदोरी माणसाला जन्मभर पुरते, हे त्यातून दिसले.

जे निसर्गतः घडते ते पारखणे अवघड. परंतु माणसाने बाहेरून जे घातले त्याचा माग काढता येतो, आणि येथे इतिहास आपल्याला गंभीर करतो. 1938 साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. गर्भपात टळावा म्हणून ते पाश्चात्त्य देशांत लाखो गरोदर स्त्रियांना देण्यात आले. 1953 साली शिकागो येथील चाचणीत त्याचा काहीही उपयोग होत नाही हे सिद्ध झाले. तरी ते दिले जात राहिले. 1971 साली बोस्टन येथील डॉक्टरांनी योनिमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. पुढे या औषधाच्या छायेत जन्मलेल्या हजारो मुलींचा पाठपुरावा झाला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अहवालात त्यांना चाळिशीनंतर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 1.8 पट आढळला. सर्वच अभ्यासांत हे प्रमाण सारखे नाही. पण गर्भात पोहोचलेले औषध दोन-तीन दशकांनी रोगरूपाने प्रकट होऊ शकते, हे आता कोणी नाकारत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेतकऱ्यांना अधिक जवळचे वाटेल. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात 1959 ते 1967 या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांचे रक्त जपून ठेवले गेले होते. त्यांच्या मुली पन्नाशीला पोहोचल्यावर संशोधिका बार्बरा कोन यांनी ते रक्त तपासले. ज्यांच्या आयांच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वाधिक होता, त्या मुलींमध्ये स्तनाचा कर्करोग सुमारे पावणेचार पट आढळला. 2015 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. डीडीटीचा तो प्रकार शरीरात इस्ट्रोजेनसारखा वागतो. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटीचा वापर 1989 साली बंद करण्यात आला. परंतु हिवतापाच्या फवारणीचा तो पांढरा वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे, आणि कपाशीवर आज मारली जाणारी औषधे वेगळी असली तरी फवारणीचे पाणी कालवणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात खुरपायला जाणारी स्त्री तीच आहे. ती गरोदर आहे की नाही, हे फवारणारा विचारत नाही.

त्याच ओकलंडच्या नोंदींतून 2021 साली आणखी एक निष्कर्ष पुढे आला. हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट या इंजेक्शनाचा परिणाम गर्भातच झालेल्या मुलामुलींना पुढील आयुष्यात कोणत्याही कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. अशी बाळे 234 होती, म्हणजे संख्या लहान. त्यामुळे अंतिम शब्द हा नव्हे. मात्र अकाली प्रसूती टाळण्यासाठी हे औषध उपयोगी ठरत नाही म्हणून 2023 साली अमेरिकेत त्याची मान्यता काढून घेण्यात आली. आपल्याकडे 'गर्भ टिकण्याचे इंजेक्शन' हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ आहे. कोणते औषध, कशासाठी, किती दिवस, हे विचारायचा संकोच बायाबापड्यांना वाटतो. वैद्याने दिलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे. पण त्याचे नाव आणि कारण विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

याहून क्लेशदायक गोष्ट आहे ती मुलगाच व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घेतल्या जाणाऱ्या पुड्यांची. हरियाणात अशा पुड्यांचे नमुने तपासले गेले तेव्हा काहींत इस्ट्रोजेनसारखी वागणारी वनस्पतिजन्य द्रव्ये, तर काहींत टेस्टोस्टेरॉनही सापडले; त्या घेणाऱ्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगे अधिक आढळली. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. पुडीने ते पालटत नाही. मग पोटात मुलगीच असेल तर तिच्या घडणीच्या ऐन काळात हे सारे तिच्यापर्यंत पोहोचते. बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या. महाराष्ट्रातील हा नीचांक. ज्या मातीत मुलीचा जन्मच इतका नकोसा, तेथे तिच्या गर्भातील आरोग्याची चिंता कोण वाहणार?

आणि तरीही कर्करोगाच्या नोंदीत आपला जिल्हा वेगळेच चित्र दाखवतो. शेजारच्या बार्शी येथे 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तिचा विस्तार तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, आणि बीड जिल्ह्यांपर्यंत झाला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात देशातील सर्व नोंदणी केंद्रांमध्ये कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांचे होते: वयोमानानुसार जुळवणी केल्यावर दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे 49. अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यात ते सुमारे 220 होते.

हे वाचून मनाला बरे वाटले, पण फार वेळ नाही. लवकर आणि अधिक बाळंतपणे, तसेच दीर्घ स्तनपान यांमुळे स्तनाचा कर्करोग कमी होतो, हे पक्के ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील रामाझिनी या वैद्याने मठातील धर्मभगिनींमध्ये हा रोग अधिक असल्याचे नोंदवले होते. 1970 साली सात प्रदेशांत झालेल्या अभ्यासात, अठराव्या वर्षाआधी पहिले मूल झालेल्या स्त्रीचा धोका पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रीच्या सुमारे एक तृतीयांश आढळला. 2002 साली तीस देशांतील माहिती एकत्र केली तेव्हा, प्रत्येक बाळंतपणामागे धोका सात टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे चार टक्क्यांनी घटतो, असे दिसले. स्तनपानाविषयी अभिमान जरूर बाळगावा. परंतु आपल्याकडे पहिले बाळंतपण लवकर होते ते बहुधा मुलगी शाळेतून काढून बोहल्यावर उभी केल्यामुळे. आपल्या बाळांचे वजन कमी भरते ते आईच्या उपासमारीमुळे. कमी वजनाची मुलगी एका रोगापासून कदाचित थोडी दूर राहील. पण मधुमेह आणि हृदयविकार तिची वाट पाहत असतात. कर्करोगाचा हा कमी आकडा काही अंशी दुःखाच्या मोलाने मिळालेला आहे.

त्या दुःखाचे सर्वांत उघडे रूप उसाच्या फडात दिसते. दिवाळी आटोपली की आमच्या उपकेंद्रांतील सतरंजीवरची निम्मी माणसे नाहीशी होतात. नाताळच्या मिस्सेला म्हातारी माणसे आणि काही मुले तेवढी उरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला तर खाडा पडतो. अशा स्थितीत गरोदर बाईने नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिल्या तर तिला दोष कसा द्यावा? पाळीसुद्धा कामातला अडथळा ठरते. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा स्त्रियांमागे एक. जेथे गर्भाशय हे अडगळीसारखे काढून टाकले जाते, तेथे गर्भातील वातावरणाची चर्चा हा शहरी चोचला वाटेल. मला तसे वाटत नाही. मुलीच्या बीजकोशातील बीजे ती आईच्या उदरात असतानाच तयार होतात. म्हणजे पोटुशी बाई मोळी उचलते तेव्हा तिच्या लेकीबरोबर तिची नातही बीजरूपाने ते ओझे उचलत असते.

या विषयाची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेल्या एका मुलीच्या आईने मला विचारले होते, "फादर, माझ्याच पोटातनं आलं का हो हे लेकराला? मी काय खाल्लं, काय केलं तवा?" तिने कुठेतरी ऐकले होते की असे रोग पोटातूनच येतात. लेकीच्या उशाशी बसून ती माउली चाळीस वर्षांपूर्वीचे नऊ महिने दिवसादिवसाने आठवत होती आणि स्वतःच्या विरुद्ध साक्षी गोळा करीत होती.

शास्त्राने उघडलेले दार अशा रीतीने आईवरील आरोपाचे दार होऊ शकते. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. स्तनाच्या कर्करोगाचे एक कारण नसते. शंभरातील पाच ते दहा रुग्णांत आनुवंशिक दोष सापडतो. उरलेल्यांत वय, पाळीचा काळ, बाळंतपणे, शरीराचे वजन, मद्य, घेतलेली संप्रेरके अशी अनेक कारणे एकमेकांत मिसळलेली असतात आणि गर्भावस्था ही त्यांपैकी एक, तीही लहान. शिवाय तिथल्या संप्रेरकांवर आईचा ताबा नसतो. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्या आयांनी ते मूल वाचावे म्हणून, डॉक्टरांवर विश्वास ठेवून घेतले होते. डीडीटी त्यांनी मागितले नव्हते. आमच्या ऊसतोड भगिनीने उपवास हौसेने केला नाही. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; आणि येशू दोघांनाही दोषमुक्त करतो. मी त्या माउलीला हाच प्रसंग सांगितला. दोष तुझा नाही, बाई. ती रडली, पण रात्री लेकीजवळ शांतपणे झोपली, असे तिच्या सुनेने मला नंतर सांगितले.

दोष आईचा नसला तरी जबाबदारी कोणाची तरी असतेच; ती तिच्या भोवतीच्या माणसांची. गर्भातील काळ पालटता येत नाही, पण पुढच्या पिढीचा तो काळ आज आपल्या हाती आहे. उचलीच्या करारात गरोदर बाईचा कोयता वगळला जावा आणि त्यापायी तिच्या घरावर खाडा पडू नये. गावातील अंगणवाडीचा आहार तिच्या ताटात पडतो की घरच्या सगळ्यांत वाटला जातो, हे सासूने पाहावे. फवारणीच्या दिवसांत तिने रानात जाऊ नये. पुड्या विकणाऱ्याला गावाने दारात उभे करू नये. मुलीचे लग्न अठराच्या आत लावणाऱ्या घरी मांडवात जेवायला बसण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा, धर्मगुरूनेही.

ज्या स्त्रिया आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्यासाठी तर उपाय साधा आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हाताने, दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, सुई नाही. शिकलेला हात आणि न लाजणारी बाई. आमच्या महिला मंडळांत भजनाच्या सरावाला जेवढा वेळ मिळतो, त्यातील एक संध्याकाळ वर्षातून एकदा यासाठी काढता येईल. परिचारिका असलेल्या धर्मभगिनी आनंदाने येतील. दुखत नाही म्हणून गाठ लपवून ठेवणारी बाई मी पुष्कळदा पाहिली आहे. गाठ दुखत नसते, हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

डोहाळजेवणाच्या दिवशी आपण गरोदर स्त्रीला चौरंगावर बसवतो, फुलांनी सजवतो, तिच्या ओटीत खण-नारळ घालतो. ती प्रथा सुंदर आहे आणि ती टिकावी. मात्र चौरंगावरून उतरल्यावर तिच्या डोक्यावर पुन्हा काय ठेवले जाते, याकडेही आपले लक्ष असावे. तिच्या पोटातल्या मुलीच्या आरोग्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.